नवरदेव आजोबांच्या वयाचा: पुकिरेवचं ‘विषम विवाह’ नीट बघायचं तर

मॉस्कोच्या ट्रेत्याकोव गॅलरीत एक लग्न दीडशे वर्षांपासून लागतंय आणि अजून पुरतं लागलेलं नाही. वसिली पुकिरेव या रशियन चित्रकारानं १८६२ मध्ये रंगवलेलं ‘विषम विवाह’ हे ते चित्र. उंची सुमारे १७३ सेंटिमीटर, रुंदी १३६. समोर उभं राहिलं की आपणही त्या चर्चमधल्या गर्दीत उभे आहोत असं वाटावं, एवढं मोठं.

विषय कुणालाही एका नजरेत कळतो. नवरी कोवळी, नवरदेव तिच्या आजोबांच्या वयाचा. जरठ-कुमारी विवाह आपल्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रानं त्यावर भरपूर शाई खर्च केली आहे. पण पंचाईत तिथेच होते. कळलं असं वाटतं, आपण हळहळतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. या चित्रातली खरी गोम मात्र बारीकसारीक गोष्टींत आहे, आणि त्या समजायला रशियन लग्नाचे विधी, तिथली सरकारी पदं आणि त्या काळच्या चित्रकलेतली उच्चनीचता थोडी माहीत असावी लागते.

आधी चित्रात काय आहे ते पाहू. डावीकडे सोनेरी झुलीसारखी वस्त्रं घातलेला वृद्ध पाद्री कमरेत वाकलेला आहे. त्याच्या हातात अंगठी. समोर शुभ्र लेसच्या पोशाखातली नवरी, डोक्यावर फुलं आणि ओढणी. तिनं उजवा हात पुढे केलाय खरा, पण त्या हातात जीव नाही. दिला म्हणून दिलाय. डोळे खाली, पापण्या रडून जड झालेल्या. दुसऱ्या हातातली मेणबत्ती खाली कलली आहे, इतकी की आता पोशाखाला लागेल की काय असं वाटावं. तिच्या पलीकडे नवरदेव ताठ उभा. त्याची मेणबत्ती सरळ आहे. कडक पांढऱ्या कॉलरमुळे मान वळत नाही, म्हणून नुसते डोळे फिरवून तो तिच्याकडे तिरका बघतोय. त्या नजरेत प्रेम नाही, आणि वासनाही फारशी नाही. आहे ती नाराजी: चारचौघांत रडून शोभा करू नकोस. मागे काळोखात पाहुण्यांचे चेहरे. नवरीच्या पाठीशी, चित्राच्या उजव्या कडेला, हाताची घडी घालून एक तरुण उभा आहे आणि त्याचा राग लपत नाही.

आता विधी. रशियन ऑर्थोडॉक्स लग्नाचे दोन टप्पे असतात. पहिला अंगठ्यांचा. वधूवर पेटत्या मेणबत्त्या घेऊन उभे राहतात आणि पाद्री त्यांच्या उजव्या हातात अंगठ्या घालतो. दुसरा टप्पा मुकुटांचा, आणि खरं लग्न तेच. पूर्वी या दोन टप्प्यांत दिवसांचं अंतर असायचं. पुकिरेवच्या काळापर्यंत दोन्ही एकाच वेळी, एकामागोमाग होऊ लागले होते. या दोहोंच्या मध्ये, मुकुट चढवण्याआधी, पाद्री दोघांनाही एक प्रश्न विचारतो: तू हे स्वतःच्या मर्जीनं, कुणाच्या जबरदस्तीवाचून करतो आहेस ना? करते आहेस ना?

पुकिरेवनं रंगवलेला क्षण अंगठीचा आहे. म्हणजे प्रश्न अजून विचारलेला नाही. आपल्याकडे अंतरपाट धरलेला असतो आणि मंगलाष्टकं चालू असतात, साधारण तशी ही वेळ. फक्त ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळ काढायची सोय या मुलीला नाही. थोड्याच वेळात पाद्री तिला विचारणार आहे, ती ‘हो’ म्हणणार आहे, आणि ते ‘हो’ सगळ्या चर्चला ऐकू जाणार आहे. लग्नाआधी चर्चच्या वहीत सह्या व्हायच्या त्या वेगळ्याच. हे लग्न परस्पर संमतीनं, जोरजबरदस्तीविना होत असल्याचा मजकूर त्या वहीत असे आणि त्याखाली वधूवर व साक्षीदार सही करत. कागदोपत्री सगळं चोख.

कायदाही तिच्या बाजूचाच होता, ही यातली सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट. आईबापांनी मुलांचं लग्न जबरदस्तीनं लावू नये, असं रशियात पीटर द ग्रेटच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या पहिल्या पावापासून, लिहिलेलं होतं. वयाची अटही होती. १८३० पासून मुलगी किमान १६ वर्षांची आणि मुलगा १८ चा हवा. वरची मर्यादा ८० वर्षं! ऐंशी ओलांडलेल्याला लग्न करता येत नसे. मधल्या सगळ्या प्रदेशात सत्तरीचा नवरा आणि सतरा वर्षांची बायको या जोडीवर कायद्याचा काही आक्षेप नव्हता. लग्न झालं की मात्र दोर कापलेले. ऑर्थोडॉक्स चर्चकडून घटस्फोट मिळणं जवळजवळ अशक्य, आणि नवऱ्याच्या परवानगीवाचून बायकोला वेगळं राहण्यासाठी लागणारा अंतर्गत पासपोर्टसुद्धा मिळत नसे.

मग तिनं हात का पुढे केला? त्याचं उत्तर नवरदेवाच्या छातीवर आहे.

त्याच्या गळ्यात क्रॉस आहे आणि कोटावर तारा. हे दागिने नव्हेत, झारकडून मिळालेले सरकारी सन्मान आहेत. पीटरनं १७२२ मध्ये सगळ्या सरकारी नोकऱ्यांची १४ पायऱ्यांची उतरंड लावून दिली होती. सैन्य, दरबार, मुलकी खाती, सगळीकडे कोण कुणाच्या वर हे त्या तक्त्यावरून ठरे. कुठल्या पायरीवरच्या माणसाला काय म्हणून संबोधायचं, तेही ठरलेलं. वरच्या पायऱ्यांवरच्या मुलकी अधिकाऱ्यांनाही लोक ‘जनरल’च म्हणत, आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नसली तरी. आपला नवरदेव असाच कचेरीतला जनरल. १८६२ च्या प्रेक्षकाला तो तारा दुरूनच वाचता येत होता: पगार, पेन्शन, घर, ओळखीपाळखी आणि बायकोला मिळणारा मान. मुलीच्या घरची परिस्थिती चित्रात कुठेच दाखवलेली नाही. दाखवायची गरजच नाही.

पाद्र्याकडे पुन्हा एकदा बघा. तो वाकलाय म्हातारपणामुळे, असं पहिल्यांदा वाटतं. असेलही. पण त्या वाकण्याची दिशा पाहिली की ताऱ्यासमोर वाकायची सवय झालेला हा माणूस आहे, अशी शंका येते. पुकिरेवनं त्याला दुष्ट केलेलं नाही. तो त्याचं काम बिनचूक करतोय. मला हे चित्र मोठं वाटतं ते यासाठी. यात कुणी खलनायकी करत नाही, कुणी मुलीचा हात पिरगाळत नाही. सगळे रीतसर वागताहेत आणि त्या रीतसरपणातून एक भयंकर गोष्ट पार पडते आहे.

उजेडाची योजनाही याच कामाला लावलेली आहे. तो डावीकडून वरून येतो, पाद्र्याच्या वस्त्रांवर थोडा चमकतो आणि उरलेला जवळजवळ सगळा नवरीच्या अंगावर पडतो. बाकीचे अर्धे अंधारात. तिला लपायला कुठे जागाच ठेवलेली नाही. लेसचे पदर, झिरझिरीत ओढणी, पाद्र्याच्या वस्त्राचं जड कापड, हे सगळं डोळ्यांना हाताळता येईल इतकं बारकाईनं उतरलंय. त्याचं श्रेय पुकिरेवच्या तालमीला द्यावं लागतं. शेतकरी कुटुंबात १८३२ साली जन्मलेला हा मुलगा मॉस्कोच्या चित्र-शिल्प-वास्तुकला विद्यालयात सेर्गेई झार्यांकोच्या हाताखाली शिकला. जे दिसतं ते केसभरही इकडेतिकडे न होता उतरलं पाहिजे, यासाठी झार्यांको प्रसिद्ध होता. अशा शिक्षणातून बरेचदा नुसते कापडाचे उत्तम नमुने तयार होतात. इथे मात्र पोशाख जितका सुंदर, तितका आतल्या मुलीचा चेहरा असह्य होत जातो.

आता आकाराची गोष्ट, कारण त्या काळी खरी खळबळ तिथेच होती. सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत चित्रांच्या जाती ठरलेल्या होत्या. सर्वांत वर इतिहासचित्रं, म्हणजे बायबल, ग्रीक-रोमन पुराणं, राजे आणि लढाया. रोजच्या जगण्याच्या चित्रांना रशियनमध्ये ‘झान्र’ म्हणत. बाजार, दारूचा गुत्ता, सोयरिकीची बोलणी, मुलांचे खेळ हे त्यांचे विषय. यांची जागा बरीच खाली, आणि कॅनव्हासही बेताचा. मोठा कॅनव्हास म्हणजे मोठा विषय, असा अलिखित नियमच होता.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे पावेल फेदोतोवचं १८४८ चं ‘मेजरची सोयरीक’. तेही पैशासाठी ठरणाऱ्या लग्नाचंच चित्र. श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी कफल्लक पण खानदानी मेजर मुलगी बघायला आलाय. दारात उभा राहून मिशीला पीळ देतोय. आत नवरी पळू पाहतेय आणि आईनं तिचा झगा पकडून ठेवलाय. जमिनीवर मांजर तोंड पुसत बसलंय, कारण मांजरानं तोंड धुतलं की पाहुणे येतात अशी रशियन समजूत. व्यापाऱ्याला प्रतिष्ठा हवी, मेजरला पैसे. सौदा दोघांच्याही सोयीचा. चित्र धमाल आहे, आणि ते जेमतेम ५८ सेंटिमीटर उंच, ७५ रुंद.

पुकिरेवनं चौदा वर्षांनी तोच सौदा उचलला, त्यातला विनोद काढून टाकला आणि माणसं जवळजवळ जिवंत माणसाएवढी केली. संतांच्या आणि सम्राटांच्या मापाचा कॅनव्हास त्यानं एका निनावी मुलीला दिला. १८६३ मध्ये अकादमीच्या प्रदर्शनात चित्र लागलं, तेव्हा लोकांना ते बोचलं ते या मापामुळेही. गंमत म्हणजे अकादमीनं त्याला शिक्षा केली नाही. उलट प्राध्यापक ही पदवी दिली, ‘लोकजीवनातील प्रसंगांच्या चित्रणाचे प्राध्यापक’ अशा भारदस्त नावाची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अकादमीचे चौदा विद्यार्थी ठरवून दिलेल्या पौराणिक विषयावर चित्र काढायला नकार देऊन बाहेर पडले. वारं कुठल्या दिशेला वाहत होतं, ते यावरून कळावं.

काळही तसाच होता. १८६१ मध्ये भूदासांची, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांची, मुक्तता झाली. माणसाचा मालक माणूस असू शकत नाही हे एकदा मान्य केलं, की पुढचा प्रश्न आपसूक येतो: मग बायकोचं काय? नियतकालिकांत स्त्रीप्रश्नावर वाद झडत होते. चर्चवर थेट बोट ठेवणं मात्र महागात पडे. वसिली पेरोवनं १८६१ मध्ये ईस्टरच्या मिरवणुकीतला झिंगलेला पाद्री रंगवला, तर ते चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं. पुकिरेवचा पाद्री शुद्धीत आहे, त्यामुळे तो भिंतीवर राहिला. माझ्या मते पेरोवच्या दारुड्यापेक्षा हा शुद्धीतला पाद्री चर्चला जास्त अवघड जायला हवा होता.

आता हाताची घडी घातलेल्या त्या तरुणाकडे येऊ, कारण या चित्राविषयीच्या निम्म्या गप्पा त्याच्याभोवतीच फिरतात. तो करवला आहे, आणि त्याचा चेहरा स्वतः पुकिरेवचा आहे. त्यामुळे चित्रकाराची प्रेयसीच एका म्हाताऱ्या धनिकाला दिली आणि त्यानं आपलं दुःख रंगवलं, ही कथा पसरायला वेळ लागला नाही. दुसरी कथा एका व्यापारी घराण्यातल्या आठवणींतून आलेली. त्यानुसार पुकिरेवचा मित्र सेर्गेई वारेंत्सोव याचं सोफिया रिब्निकोवा या मुलीवर प्रेम होतं. तिचं लग्न आंद्रेई कार्झिंकिनशी ठरलं, आणि नात्यामुळे वारेंत्सोवला त्याच लग्नात करवला म्हणून उभं राहावं लागलं. मित्राची ही कहाणी ऐकून पुकिरेवनं त्याला चित्रात घातलं. वारेंत्सोव भडकला, आणि पुकिरेवनं तो चेहरा बदलून दाढीवाला केला, स्वतःचा. बरं, तो कार्झिंकिन काही म्हातारा नव्हता, नवरीपेक्षा तेरा-एक वर्षांनीच मोठा. जनरलचं डोकं रंगवायला वारेंत्सोवांच्या घरचा स्वयंपाकी बसला होता, असंही त्या आठवणींत आहे. ताऱ्याखाली कुणाचंही डोकं चालतं, हे पुकिरेवला मनापासून पटलं असावं!

पण या प्रेमभंगाच्या कथेनं चित्राचं नुकसानच केलंय असं मला वाटतं. सगळे त्या तरुणाकडेच बघत बसतात आणि त्याला नायक करून टाकतात. ऑर्थोडॉक्स लग्नात करवल्याचं मुख्य काम काय, तर दुसऱ्या टप्प्यात वधूवरांच्या डोक्यावर मुकुट धरून उभं राहणं. म्हणजे थोड्या वेळानं या गृहस्थाला हाताची घडी सोडून तिच्याच डोक्यावर मुकुट धरायचा आहे, आणि विधी संपेपर्यंत तो खाली येऊ द्यायचा नाही. त्याचा राग खरा आहे, पण तोही या कामातला एक मानकरीच आहे. पुकिरेवनं तिथे स्वतःचा चेहरा ठेवला, हे मला प्रेमकथेपेक्षा जास्त धाडसाचं वाटतं.

(वराच्या मागच्या काळोखात दिसणारी म्हातारी म्हणजे त्याच्या मेलेल्या बायकोचं भूत, ही कथा अलीकडे फार फिरते. भुताची काही गरज नाही. अशा लग्नाला जिवंत म्हाताऱ्या हौसेनं येतात.)

नवरी कोण होती, याचा एक ठोस धागा मात्र आहे. ट्रेत्याकोव गॅलरीकडे १९०७ चं एक पेन्सिलचित्र आहे, एका वृद्ध स्त्रीचं. त्यावरची नोंद सांगते की या प्रास्कोव्या मात्वेयेव्ना वारेंत्सोवा. ४४ वर्षांपूर्वी पुकिरेवनं यांच्यावरून ‘विषम विवाह’ रंगवलं आणि सध्या त्या मॉस्कोतल्या माझुरिन धर्मादाय आश्रमात राहतात. हा आश्रम म्हणजे गरीब, निराधार म्हाताऱ्यांचं घर. चित्रातल्या मुलीनं ज्या सुरक्षिततेसाठी हात पुढे केला, ती चित्रासाठी उभ्या राहिलेल्या बाईच्या वाट्याला काही आली नाही. पुकिरेवचंही पुढे फार बरं झालं नाही. ज्या विद्यालयात शिकला तिथेच तो शिकवू लागला होता, पण १८७० च्या दशकात आजारपणानं नोकरी सुटली, जवळचा चित्रसंग्रह विकावा लागला आणि १८९० मध्ये तो हलाखीत गेला. या एका चित्राच्या तोडीचं दुसरं त्याच्या हातून झालं नाही.

चित्रानं लोकांवर काय परिणाम केला, याचा सर्वांत मजेशीर पुरावा चित्रकार इल्या रेपिननं लिहून ठेवलाय. या चित्रानं बऱ्याच म्हाताऱ्या जनरलांचं रक्त आटवलं, आणि इतिहासकार निकोलाय कोस्तोमारोवनं तर ते पाहून एका तरुण मुलीशी लग्न करायचा विचारच सोडून दिला, असं तो सांगतो. रेपिनला किस्सा रंगवून सांगायची हौस होती, तेव्हा सगळंच खरं धरून चालू नये. एवढं मात्र पक्कं की कोस्तोमारोवनं पुढे १८७५ मध्ये लग्न केलं ते आपल्या जुन्या वाग्दत्त वधूशी. १८४७ मध्ये त्याला राजकीय आरोपावरून अटक झाली आणि ते लग्न मोडलं होतं. मधल्या काळात ती दुसरीकडे दिली गेली आणि विधवाही झाली होती.

पुकिरेवनंतर लग्न हा रशियन चित्रकारांचा आवडता विषय झाला. प्रत्येकानं त्यातून वेगळं काही काढलं. वसिली माक्सिमोव शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला. त्याच्या १८७५ च्या चित्रात खेड्यातल्या लग्नाच्या पंगतीत अचानक गावचा मांत्रिक येऊन उभा राहतो, अंगावर बर्फ घेऊन, आणि मेजवानीचा रंगच जातो. बोलावलं नाही म्हणून चिडला तर जोडप्याला काहीतरी करून बसेल, ही भीती. लहानपणी भावाच्या लग्नात माक्सिमोवनं असा प्रसंग पाहिला होता. इथे पैसा नाही, पद नाही. आहे ती लाकडी घरातली मेणबत्ती, दचकलेली माणसं आणि त्यांच्याविषयी आतून आलेली समज.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे कॉन्स्टँटिन माकोव्स्कीची १८८३ ची ‘बोयार लग्नाची मेजवानी’. बोयार म्हणजे पीटरपूर्व रशियातले सरदार. हा माकोव्स्की १८६३ च्या त्या चौदा बंडखोरांपैकी एक, पण पुढे तो श्रीमंतांचा लाडका चित्रकार झाला. कॅनव्हास जवळजवळ चार मीटर रुंद. मोत्यांनी मढवलेली शिरोभूषणं, चांदीची भांडी, जरीचे झगे, थाळीत येणारा भाजलेला हंस. पाहुणे पेले उंचावून ‘गोर्को! गोर्को!’ म्हणजे ‘कडू, कडू’ असं ओरडताहेत. वधूवरांनी चुंबन घेतल्याशिवाय दारू गोड व्हायची नाही, अशी रीत. हे चित्र न्यूयॉर्कच्या शूमान नावाच्या जवाहिऱ्यानं विकत घेतलं आणि आपल्या दुकानात मांडलं, जे त्याच्या एकंदर चकाकीला साजेसंच झालं. आता ते वॉशिंग्टनच्या हिलवुड संग्रहालयात आहे. मला ते बघायला आवडतं, पण त्या झगमगाटात मान खाली घातलेली एक अवघडलेली नवरी इथेही उभी आहेच, आणि तिला पुढे करणारी अनुभवी बाईही. बोयारांची लग्नं घराण्याघराण्यांतले करारच असत. माकोव्स्कीला ते ठाऊक होतं. त्यानं त्यावर मोती पसरले.

‘विषम विवाह’ आधी दुसऱ्या एका संग्राहकाकडे होतं. १८७१ मध्ये गॅलरीचा संस्थापक पावेल ट्रेत्याकोवनं ते घेतलं. मॉस्कोला कधी गेलात तर चित्राबरोबर त्याची चौकटही बघा. करवल्याच्या शेजारी चौकट बनवणारा ग्रेबेन्स्की उभा आहे. चित्रात जागा मिळाली म्हणून पठ्ठ्यानं आजवर झाली नाही अशी चौकट करायचं मनावर घेतलं आणि लाकडात फुलं-फळं कोरून काढली. ट्रेत्याकोवला ती इतकी आवडली की पुढे त्यानं आपल्या संग्रहासाठी ग्रेबेन्स्कीकडून आणखी चौकटी करून घेतल्या.